पोरं राजकारण कुठं शिकतात? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात पहिल्यांदा मतदान करणाऱ्या पोरांवर लेख होता, त्यावर आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज वाचले तर जवळपास सगळ्यांचा रोख मोबाईल, रील आणि पुढाऱ्यांच्या भाषणांवर आहे. सरकार स्वतः जे निर्णय घेतं, भरतीची पद्धत, फी माफी, घरकुल, आरक्षण, त्यातून पोरांचं राजकीय मन कसं घडतंय यावर फार थोडे बोललेत आणि मला तर तोच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतोय. म्हणून या वेळी त्याच अंगानं जाणारी पत्रं घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही, पेठ किंवा भाग तेवढा दिलाय.

प्रश्न: ताई, माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, बी.कॉम. झालाय आणि भरतीची तयारी करतोय. बारावीत असताना बातम्या बघून माझ्याशी तावातावानं भांडायचा. आता निवडणुकीचा विषय काढला की “सगळे सारखेच पप्पा, माझं वय निघून चाललंय त्याचं बोला” म्हणतो आणि उठून जातो. मागच्या वेळी मतदानालाही गेला नाही. घरचे म्हणतात मोबाईलनं बिघडला. खरंच तसं आहे का?
(एक वडील, अशोक चौक)

दादा, मोबाईलचा थोडा हात असेल, पण तुमच्या पत्रात तुमच्या मुलानंच उत्तर देऊन टाकलंय आणि तुमच्या ते लक्षात आलं नाही असं मला वाटतं. “माझं वय निघून चाललंय” हे त्याचं वाक्य राजकीयच आहे. वयाची अट कुणी ठरवली, जाहिरात कधी काढायची ते कोण ठरवतं, परीक्षा पुढं ढकलली ती कुणी? सरकारनंच ना. मग हा पोरगा राजकारणापासून लांब गेला असं कसं म्हणायचं, तो तर सकाळी पळायला जातो तिथपासून रात्री लायब्ररीतून येईपर्यंत सरकारच्या एका निर्णयाची वाट बघत जगतोय.

यावर जगात बराच अभ्यास झालाय. साधारण १८ ते २५ या वयात माणसावर जे गुदरतं त्याचा ठसा त्याच्या मतांवर बराच काळ राहतो असं अभ्यासक सांगतात. अमेरिकेतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी, १ डिसेंबर १९६९ ला, तिथल्या सरकारनं तरुणांच्या जन्मतारखांची सोडत काढली. ज्याची तारीख आधी निघाली त्याला सैन्यात बोलावणं यायची शक्यता जास्त, ज्याची शेवटी निघाली तो सुटला. एरिक्सन आणि स्टोकर या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवलं की ज्यांचा नंबर वाईट आला ते युद्धाच्या जास्त विरोधात गेले, त्यांचा पक्षाकडचा कलही बदलला, आणि हा फरक पुढं कितीतरी वर्षं टिकला. सोडत म्हणजे निव्वळ नशीब, त्यामुळं घरचे संस्कार वेगळे होते, शाळा वेगळी होती, असं काही म्हणायला जागाच राहत नाही. सरकारच्या एका धोरणानं पोरांच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवली आणि त्या तलवारीनं त्यांचं मत बनवलं.

आता आपल्याकडं या. जून २०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली, चार वर्षांची नोकरी आणि त्यातल्या २५ टक्क्यांनाच पुढं कायम. त्याआधी दोन वर्षं कोविडमुळं सैन्यभरतीच झाली नव्हती, म्हणून त्या वर्षापुरती वयाची अट २१ वरून २३ केली. आपल्या सोलापूर जिल्ह्यात आणि सांगली-साताऱ्यात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं कुणीही बघितली असतील, त्यांच्यासाठी ही बातमी पेपरातली नव्हती, तो आयुष्याचा अख्खा बेतच होता. योजना चांगली का वाईट हा वाद मी इथं घालत नाही, सैन्याची कारणं वेगळी असू शकतात. पण दोन वर्षं तयारी केलेल्या पोराला मध्येच नियम बदलले की तो एक गोष्ट पक्की शिकतो, की आपण कितीही घाम गाळला तरी ठरवणारा दुसराच आहे आणि तो आपल्याला विचारत नाही. “सगळे सारखेच” हे वाक्य तिथून येतं.

उलटही घडतं बरं का, आणि ते सांगितलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. २०२३ च्या सुरुवातीला एमपीएससीची पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, मागणी साधी होती, वर्णनात्मक परीक्षेचा नवा पॅटर्न लगेच नको २०२५ पासून लावा, आणि आयोगानं ते मान्य केलं. त्याच वर्षी कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, त्यावर राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारनं तो रद्द केला. या दोन्ही वेळी जी पोरं त्यात होती त्यांना विचारा, ती “सगळे सारखेच” म्हणणार नाहीत, ती म्हणतील एकत्र आलं की ऐकावं लागतंय. मला त्यात काळजीची एक बाजूही दिसते, कारण रस्त्यावर बसल्याशिवाय ऐकत नाहीत हाही धडा त्यातच आहे आणि तो धडा सरकारनंच दिलाय. जाहिराती वेळेवर निघाल्या, वर्षाचं वेळापत्रक पाळलं, निकाल लटकवले नाहीत, तर पोरांचा सरकारवरचा विश्वास भाषणं न करताही वाढेल असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही काय करू शकता ते सांगते. मतदानाला का गेला नाहीस म्हणून त्याला बोलू नका. त्याच्या भरतीची जाहिरात, जीआर, कोर्टात काय अडकलंय ते त्याच्याकडून समजून घ्या, एखाद्या रविवारी तासभर नुसतं ऐका. त्याला या विषयात तुमच्यापेक्षा जास्त कळतं हे तुम्ही मान्य केलंत की तोच तुम्हाला सांगायला लागेल की कुठल्या खात्याचा मंत्री काय बोलला आणि काय केलं.

प्रश्न: मी हायस्कूलला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. पोरं विचारतात याचा उपयोग काय, आणि खरं सांगायचं तर परीक्षेत नागरिकशास्त्राला मार्कही थोडेच. पुस्तकातल्या धड्यानं पोरांचे विचार खरंच बदलतात का? का आम्ही नुसता पोर्शन संपवतो?
(एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

बदलतात मॅडम, आणि हे सगळ्यात आधी सरकारांनाच माहीत असतं. चीननं २००४ ते २०१० या काळात शाळेतली राज्यशास्त्राची पुस्तकं बदलली, पण एकदम सगळीकडं नाही, एकेका प्रांतात टप्प्याटप्प्यानं. त्याचा फायदा घेऊन कँटोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेकिंग विद्यापीठातल्या सुमारे २००० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. नवी पुस्तकं शिकलेली पोरं सरकारी अधिकाऱ्यांवर जास्त विश्वास ठेवत होती, आपला देश जास्त लोकशाहीवादी आहे असं मानत होती आणि खुल्या बाजाराबद्दल त्यांच्या मनात जास्त शंका होती. सरकारला जे हवं होतं त्या दिशेनंच ती सरकली होती. बाहेरच्या जगाची माहिती मिळवू शकणारी, देशातली सगळ्यात हुशार म्हणावी अशी पोरं ही.

मला हे वाचून आनंद झाला नाही, थोडी भीती वाटली. पुस्तकात एवढी ताकद असेल तर ते कोण लिहितं, कुठला धडा काढतं, कुठला घालतं हे आपण सगळ्यांनी डोळ्यात तेल घालून बघायला हवं. आपल्याकडं बालभारतीचं पुस्तक राज्यातल्या लाखो पोरांच्या हातात एकाच वेळी पडतं, सत्ता कुणाचीही असो, ते पुस्तक आपल्या बाजूला ओढायची इच्छा सगळ्यांनाच होते.

पण तुमच्या वर्गात आणखी एक गोष्ट चालू असते. पोरगी घरून येते तेव्हा तिनं सकाळी पाणी भरलेलं असतं, कारण आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातले सगळे घागरी-बॅरलपाशी. २०१६ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या २० स्मार्ट सिटीत सोलापूरचं नाव आलं होतं, तेव्हा आपल्याला सगळ्यांनाच अभिमान वाटला होता. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून पाणी रोज का नाही, हा प्रश्न त्या पोरीला पडतोच. तो वर्गात घ्या. स्थानिक स्वराज्य संस्थेचा धडा आहेच, त्यातच बसवा, पाणी कुठल्या खात्याकडं, बजेट कोण मंजूर करतं, पाइपलाइनचं काम कुणाच्या अखत्यारीत. आणि ६ एप्रिल १९३० ला याच गावाच्या नगरपालिकेनं इंग्रजांच्या राज्यात आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला होता, पुढं मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी झाली, हे चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या पोरांना तारखेसकट सांगा. इंग्रजांनी दहशत बसवायला मार्शल लॉ लावला आणि त्यातून आणखी एक पिढी स्वातंत्र्याच्या बाजूला गेली. धोरणाचा परिणाम नेहमी धोरण करणाऱ्याच्या मनासारखा होत नाही हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

प्रश्न: मी २० वर्षांची आहे, कुंभारीला घरकुलात राहते. आई विड्या वळते. आईला लाडकी बहीणचे १५०० येतात, माझी कॉलेजची फी माफ झालीय. क्लासमधली काही मुलं म्हणतात तुमच्यासारख्यांची मतं विकत घेतलीत. मला राग येतो पण उत्तर सुचत नाही. खरंच योजनांनी आम्ही विकले जातो का?
(एक विद्यार्थिनी, कुंभारी)

अगं, उत्तर तुझ्या घराच्या भिंतीतच आहे. तुझं घर गोदूताई परुळेकर वसाहतीतलं असेल असं धरून लिहिते. ती १०,००० घरं विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवली, पुढारी होते आडम मास्तर, लाल बावट्याचे म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे. २००६ मध्ये चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले. पुढं त्याच चळवळीतून रे नगरची ३०,००० घरांची योजना उभी राहिली, त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी केलं. म्हणजे लढा एका पक्षाचा, चाव्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पक्षाच्या पंतप्रधानांच्या हातून. आता बघ, योजनेनं मत विकत घेता येत असतं तर आडम मास्तर दरवेळी निवडून आले असते. ते २००४ नंतर विधानसभेला निवडून आलेले नाहीत. मला स्वतःला याचं वाईट वाटतं का नाही हा वेगळा विषय, पण तुझ्या वर्गातल्या मुलांना एवढं एक उदाहरण पुरे आहे. घर मिळालेल्या बायका घर घेऊनही स्वतःचं डोकं वापरून मत देतात.

पैसे मिळाल्याचा परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, होतो. फक्त पैशापेक्षा तो कसा मिळाला याचा जास्त होतो. जो सॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९९९ मध्ये दोन सरकारी मदतींची तुलना केली होती. एका योजनेत गरीब आयांना प्रत्येक गोष्टीसाठी अधिकाऱ्यापुढं जावं लागायचं, तो मनात आलं तर कागद मागायचा, मनात आलं तर पैसे थांबवायचा. त्या बाया शिकल्या की सरकार आपलं ऐकत नाही, बोलून फायदा नाही, आणि मतदानातही त्या मागं राहिल्या. दुसरी योजना अपंगांसाठीची, तिथं नियम ठरलेले, विचारलं तर उत्तर मिळायचं, तिथल्या लोकांना सरकारशी बोलता येतं असं वाटायचं. म्हणजे मदत घेणारे दोघंही, आणि राजकारणाचे धडे मात्र उलटे.

आपल्या जिल्ह्यातच बघायचं तर ७२ च्या दुष्काळानंतरची रोजगार हमी. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम, आणि नाही दिलं तर भत्ता. त्या काळात मंगळवेढा-सांगोला भागात खडी फोडलेल्या कुणा आजीला विचार, ती तहसीलदारासमोर उभी राहून काम मागायला त्याच काळात शिकली असेल. कायद्यानं तिच्या हातात मागणी दिली म्हणून ती शिकली. २०२४ ला मुलींसाठी फी माफी आली ती कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, अट लिहिलेली आहे, तुझं नाव त्यात बसतं म्हणून तुला मिळते. कुणाच्या मेहरबानीनं नाही. तू उद्या या सरकारच्या विरोधात मत दिलंस तरी त्यात कसला नमकहरामपणा नाही आणि बाजूनं दिलंस तरी विकली गेलीस असं नाही. मात्र कॉलेजनं माफीनंतरही वेगळ्या नावानं पैसे मागितले तर पावती माग आणि लेखी विचार, गप्प बसू नकोस.

आणखी एक सांगते कारण तू मुलगी आहेस. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपदाचं आरक्षण फिरतं होतं, त्यामुळं काही गावांना बाई सरपंच मिळाली, काहींना नाही. ४९५ गावांचा अभ्यास २०१२ ला छापून आला. जिथं दोन टर्म बाई होती तिथं मुलींची स्वतःबद्दलची स्वप्नं मोठी झाली होती, शिक्षणात मुलगा-मुलगी फरक पुसला गेला होता आणि मुली घरकामात कमी वेळ घालवत होत्या. सरपंच बाईनं मुलींसाठी वेगळं काही बांधलं म्हणून नाही, ती खुर्चीत बसलेली दिसली म्हणून. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कारभार नवराच बघतो अशा जागा आहेत हे खरंय, तरीसुद्धा मला हे आपल्या राज्यानं केलेल्या चांगल्या कामांपैकी एक वाटतं. तुझ्या गावच्या ग्रामसभेला एकदा जाऊन बस, गावच्या मतदार यादीत नाव असलं की तो तुझा हक्क आहे.

प्रश्न: आमच्या कॉलेजला निवडणुका का होत नाहीत? सर म्हणतात मारामाऱ्या होतात.
(एक विद्यार्थी, सात रस्ता)

सरांचं कारण खोटं नाही. कॉलेज निवडणुकीत हाणामाऱ्या झाल्या, खूनसुद्धा झाले, म्हणून ९० च्या दशकात राज्यात त्या बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले. २००६ ला कॉलेज निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं खर्चाची मर्यादा, उमेदवाराची हजेरी असे नियम घालून निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, २०१६ च्या नव्या कायद्यात परत तरतूदही आली, पण प्रत्यक्ष निवडणुका लांबतच राहिल्या. मला हे अजिबात पटत नाही. वर्गात जास्त मार्क पडणारा तोच वर्गाचा प्रतिनिधी, हे पोरांना दहा-वीस वर्षं शिकवलं आणि आता तीच पिढी विचारते की अशिक्षित माणसाला मत कशाला, तर हे कुठून आलं ते उघड आहे.

त्यात आपल्या गावाचं दुसरं बघ. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात जी पोरं १८ ची झाली त्यांनी कॉलेजात निवडणूक बघितली नाही आणि वॉर्डातही नाही. नगरसेवकाच्या घरी जाऊन गटारीबद्दल भांडणं, पुढच्या वेळी बघतो म्हणणं, हे त्यांनी केलंच नाही. त्यांच्यासाठी राजकारण म्हणजे टीव्हीवरची दिल्ली-मुंबई. मग ती पोरं फक्त मोठ्या नेत्यांच्या नावानं भांडतात, गल्लीतल्या दिव्याबद्दल कुणाला बोलायचं हे त्यांना माहीत नसतं, आणि आपण म्हणतो पोरांना समाजाचं पडलेलं नाही. कॉलेजच्या निवडणुका होईपर्यंत तुम्ही वर्गात तुमच्यापुरतं मतदान घेऊन प्रतिनिधी निवडा ना, गुप्त चिठ्ठ्या टाकून, सरांना बोलवून समोर मोजा. त्याला कुठला कायदा आडवा येत नाही.

प्रश्न: वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, घरात युनियनच्याच गप्पा. मी हिंजवडीला आयटीत आहे, नाव अजून सोलापूरच्या यादीत, त्यामुळं मतदान कधी जमत नाही. आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच राजकारणात रस नाही. आम्ही एवढे वेगळे का झालो?
(एक वाचक, मूळचे साखर पेठ)

तुमच्या वडिलांच्या पिढीला गेटवरच राजकारण भेटायचं, भोंगा झाला की हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडायची, पगार सगळ्यांचा साधारण सारखा, अडचण सारखी. मिल बंद पडल्या, यंत्रमाग आले, माणसं पाच-दहाच्या शेडमध्ये विखुरली, आणि शिकलेली पोरं पुण्याला गेली. इथं काम राहावं म्हणून पुरेसं धोरण कुणी केलं नाही हे मी कुठल्याही पक्षाचं नाव न घेता म्हणते, कारण या काळात सगळेच सत्तेत येऊन गेलेत. तुमची पिढी कंपनीशी एकेकटी बोलते, अप्रेझलसुद्धा एकेकट्याचं, तर सगळ्यांनी मिळून काही मागायची सवय कुठून लागणार?

यादीचं मात्र आजच करा. १९८९ ला मतदानाचं वय २१ वरून १८ केलं ते तरुणांसाठी, पण पोरं घर सोडून दुसऱ्या शहरात राहणार हे धरून यादीची व्यवस्था सोपी व्हायला फार वर्षं गेली. आता पत्ता बदलायला फॉर्म ८ आहे, ऑनलाइन भरता येतो, पुण्यातल्या राहत्या जागेचा एक पुरावा लागतो, नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचं नाव कुठंच नसेल तर त्यांच्यासाठी फॉर्म ६. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळं वर्षभर थांबावं लागत नाही. सोलापूरच्या यादीतलं नाव काढून मगच पुण्यात घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फॉर्म ८ मध्ये ते दोन्ही एकदम होतं. अर्जाचा नंबर जपून ठेवा आणि नाव आलं का ते यादीत स्वतः बघा.